उशीच्या अभ्र्यात शिवलेलं स्तोत्र

बाई, तुमच्या पुस्तकाला मी खोटं म्हटलं होतं. तेही तुमच्या तोंडावर, चार माणसांत, मयताच्या घरात. त्याला दोन वर्षं होऊन गेली. त्यानंतर आपण किती शनिवार एकत्र बसलो, किती चहा प्यालो, पण तो शब्द मी परत घेतला नाही आणि तुम्हीही तो कधी मागितला नाही. मला वाटायचं, घाई काय आहे, पुस्तक संपू दे, मग सांगेन. आणि तुम्ही एक पान बाकी ठेवून निघून गेलात. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला मातीत ठेवलं त्याला आज सात दिवस झाले. रविवारी उपासनेत तुमच्याबद्दल लोक बोलले. सोशिक होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कोणाला लागेल असं बोलल्या नाहीत, असं सगळं. मला बाकावर बसवेना. तुम्ही आणि सोशिक? डुलक्या घेणाऱ्या पोरीच्या कपाळावर तिसऱ्या रांगेपर्यंत खडू मारणाऱ्या तुम्ही, तुमचा नेम साऱ्या बुऱ्हाणपुरात ठाऊक. मनमिळाऊ म्हणे. आपल्या दोघींमध्ये भांडण झालं नाही असा महिना मला आठवत नाही. मेलेल्या माणसाला धुऊन इस्त्री करून ठेवायची ही रीत मला पटत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही मला मिरची म्हणायचात, मी गप्प कशी बसेन?

मी भुसावळची. लग्न होऊन सिंधीपुऱ्यात आले आणि मुलींच्या शाळेत चौथीच्या वर्गावर लागले, तेव्हा तुम्ही निवृत्त व्हायला वर्षभर उरलं होतं. महिनाही झाला नसेल, तोच तुम्ही मला कामाला लावलंत. एक जुनं पुस्तक फडक्यात बांधून दिलंत आणि म्हणालात, मंडईजवळच्या जिल्दसाजाकडून बांधून आण, पानं सुटलीत. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर तुमच्या वळणदार अक्षरात ‘स्तोत्रे’. ही वरच्या पुठ्ठ्यावर डकवायला सांग, म्हणालात.

ते पुस्तक म्हणजे तुमच्या वडिलांचं धन. ते एका पाद्रीसाहेबांकडे भाषांतराच्या कामाला होते आणि तिथेच इब्री शिकले. जुना करार मुळात ज्या भाषेत लिहिला गेला ती ही भाषा, लोक तिला हिब्रू म्हणतात, तुम्ही मात्र शेवटपर्यंत इब्रीच म्हणालात. त्यांनी त्या छापील स्तोत्रांच्या पानांमध्ये कोरी पानं घालून घेतली होती, आणि त्या कोऱ्या पानांवर एकेका स्तोत्राचा मराठी अर्थ तुम्ही वर्षानुवर्षं लिहीत आला होता. मुलगा नव्हता म्हणून वडिलांनी मुलीला शिकवलं, असं तुम्ही सांगायचात. त्यावर तुमच्या शेजारच्या नर्मदाकाकू म्हणायच्या, मुलगा असता तर पळून गेला असता.

मला यातलं तेव्हा काय ठाऊक? जिल्दसाज चाचांनी पुस्तक हातात घेतलं आणि उर्दू पुस्तक धरावं तसं उजवीकडून उघडलं. म्हणाले, “बेटी, ये तो इधर से खुलती है.” मला नव्या नोकरीचा ताठा. मी त्यांना तुमचं मराठी अक्षर दाखवलं आणि ठणकावून सांगितलं की चाचा, हे उर्दू नाही, मराठी आहे, चिठ्ठी इकडून लावा. त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भला माणूस, वाद घातला नाही. मी सांगितलं त्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी डकवली. इब्री उर्दूसारखीच उजवीकडून वाचतात हे त्या चाचांना पानं पाहूनच कळलं होतं, मॅट्रिक झालेल्या मास्तरणीला कळलं नाही.

पुस्तक तुमच्या हातात आलं, तुम्ही चिठ्ठी पाहून पुठ्ठा उघडला आणि समोर शेवटचं स्तोत्र. तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली, नर्मदाकाकू पाणी घेऊन धावत आल्या. मी रडकुंडीला. म्हटलं, आत्ता नेते, काढून दुसरीकडे लावून आणते. तुम्ही पुस्तक सोडेनात. म्हणालात, “राहू दे. आता शेवटापासूनच वाचू. शेवटी सगळी स्तुतीच आहे. ती आधी करून घेऊ, रडणं मागून येतंच.” आणि मग दर शनिवारी चार वाजता, शाळा सुटल्यावर, राजपुऱ्यातल्या तुमच्या पडवीत यायचं असं मला फर्मान निघालं. शिक्षा म्हणून गेले होते, बाई. शिक्षाच समजत होते मी.

मी ख्रिस्ती घरातच जन्मले. स्तोत्रं मला ठाऊक होती, रविवारी उभं राहून गायची आणि घरी येऊन विसरायची. तुमच्याकडे कळलं की वाचायचं कसं. तुम्ही एक ओळ इब्रीत म्हणायचात, डोळे मिटून, मग मराठीत सांगायचात, मग मला विचारायचात, हे कोण म्हणतोय? कुठे उभा राहून म्हणतोय? त्याच्या मागे कोण लागलंय? जोवर तो माणूस मला समोर दिसत नाही तोवर पुढची ओळ नाही. नर्मदाकाकू सूप घेऊन जोत्यावर बसायच्या, तूर निवडत ऐकायच्या. त्यांचं घर महादेवाचं, सोमवार कधी चुकला नाही, पण शनिवारही चुकला नाही. मधूनच म्हणायच्या, तुमचा देवही आमच्यासारखाच दिसतो वो बाई, हाका माराव्या लागतात. तुम्ही म्हणायचात, मारा की मग, घसा कशाला दिलाय.

ते एक स्तोत्र, राखणारा डुलकी घेत नाही म्हणतं ते, वाचलं त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, बघ, माझ्या वर्गात बसवता आलं असतं त्याला. सगळ्यात लांब स्तोत्राला आपल्याला अडीच महिने लागले आणि ते संपलं तेव्हा तुम्ही माव्याची जिलेबी आणवलीत. गावात तेव्हा दुसरीच चर्चा. राज्यांच्या सीमा नव्याने आखणार, आपण कुठे जाणार, मराठी शाळा राहणार की हिंदी होणार. माझ्या भावाची भुसावळहून पत्रांवर पत्रं, तिकडे राहू नका, इकडे आपल्यात या. मी घाबरून तुम्हाला विचारलं. तुम्ही पुस्तकावर हात ठेवून म्हणालात की ही ज्यांची गाणी, त्यांच्या डोक्यावर किती राजे आले नि गेले, परक्या मुलखात नेऊन बसवलं त्यांना, तरी गाणी त्यांनी सोबत नेलीच. तू तर कुठे जातही नाहीस, सरकारच तुझ्या अंगावरून चाललंय.

अशा रीतीने आपण उलटे चालत एक्याण्णवाव्याला पोचलो. उन्हाळा होता. तुम्ही वाचत होता आणि मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच लिहिलंय. पंखाखाली घेईन म्हणतो. सापळ्यातून सोडवीन, मरीची भीती नको, हजार पडले तरी तुझ्याजवळ ते येणार नाही. शेवटी तुम्ही काहीतरी सांगत होता, पण माझं लक्ष नव्हतं. मी ती पहिली वचनंच मनात घोळवत होते. घरी जाताना उन्हाचंही काही वाटलं नाही.

बरोबर चौथ्या दिवशी ह्यांना ताप आला. नाव घेते, वसंतराव. तुम्ही त्यांना कायम वसंता म्हणालात. मुदतीचा ताप. डॉक्टर म्हणाले एकवीस दिवस काढायचे, नर्मदाकाकूंनी मोसंब्यांची टोपली पाठवली, आणि मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. एका चिठोऱ्यावर एक्याण्णवावं उतरवून घेतलं, तुमच्या मराठीत, आणि त्यांच्या उशीच्या अभ्र्यात आतून शिवलं. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गळ्यात ताईत, कोणाच्या दंडाला गंडा. मी ख्रिस्ती, मी ते कसं करणार? म्हणून मी स्तोत्र शिवलं. तुम्ही बघितलंत, उशी सारखी करताना तुमच्या बोटांना टाके लागले. कपाळावरची पट्टी बदलत राहिलात.

चिठोरं लहान होतं. बाराव्या वचनापर्यंत मावलं, देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगड लागू देणार नाहीत, इथपर्यंत. पुढच्यासाठी दुसरा कागद घेता आला असता. घेतला नाही. मला हवं होतं ते सगळं आलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या उशाशी बसून ते म्हणायचे, जेवढं उतरवलं तेवढंच. चौदाव्या का पंधराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. शुद्धीत होते, आवाज अगदी बारीक. मला म्हणाले, “पुढे?” मी म्हटलं, संपलं. ते म्हणाले, “पुढे काही नाही?” मी म्हटलं, काही नाही, तुम्ही पडा आता. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सतराव्या दिवशी दुपारी ते गेले.

पुढचं तुमच्यासमोरच झालं. तुम्ही दारातून आत आलात, जवळ घ्यायला हात पुढे केलेत, आणि मी अभ्रा फाडून ते चिठोरं तुमच्या अंगावर फेकलं. म्हटलं, “घ्या तुमचं. खोटं आहे. तुमचं पुस्तक खोटं बोलतं.” पाळकसाहेब उभे होते, भाऊ उभा होता, काकू होत्या. तुम्ही वाकून चिठोरं उचललंत, घडी केलीत आणि कमरेच्या पिशवीत ठेवलंत. त्या घडी करण्याचा मला इतका राग आला बाई, काय सांगू.

मी प्रार्थना सोडली. उपासनेला जाणं सोडलं. भाऊ न्यायला आला, तर त्यालाही नाही म्हटलं. तिकडे जाऊन तरी काय करणार होते? आणि पहिल्याच शनिवारी चार वाजता तुम्ही सिंधीपुऱ्यात माझ्या दारात हजर. काखेत पुस्तक, फडक्यात बांधलेलं. मी उठले नाही. तुम्ही स्वतःच चूल पेटवून चहा टाकलात, मला दिलात, तुम्ही प्यालात. पुस्तक मांडीवर, गाठ सोडली नाही. तासभर बसलात आणि निघून गेलात. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी मी मुद्दाम दार लावून घेतलं, तर तुम्ही ओट्यावर बसलात आणि समोरच्या घरातून चहा मागवलात. समोरची मला नंतर म्हणते, काय बाई आहे, तुझ्या दारात बसून माझ्याकडे चहा मागते. नर्मदाकाकूंनी एकदा तुम्हाला म्हटलं होतं की आपण दोघी वाचू की तोवर. तुम्ही म्हणालात, विमल आल्याशिवाय पान उलटायचं नाही.

आठ शनिवार. नवव्या शनिवारी मीच म्हटलं, सोडा ती गाठ एकदाची. दया म्हणून नाही, कंटाळून म्हटलं. तुम्ही नव्वदावं वाचलंत, माणूस गवतासारखा म्हणतं ते. पुढच्या शनिवारी मीच तुमच्या पडवीत आले, एकोणनव्वदावं झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी अठ्ठ्याऐंशीवं काढलंत आणि मी पाहिलं, समोरचं पान कोरं. बाकी सगळ्या स्तोत्रांचं मराठी तुम्ही केलेलं, यालाच एक अक्षर नाही. मी विचारलं, हे का राहिलं? तुम्ही म्हणालात, आई गेली तेव्हा वडिलांनी वाचून दाखवलं होतं, मला काही लिहवलं नाही, मग राहूनच गेलं. आणि तुमची पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मी अर्थ सांगते, तू लिही, म्हणालात, तुझ्या बोलण्यात लिही.

मी लिहिलं. रात्रंदिवस ओरडते, कान दे. गळ्यापर्यंत आलंय. तूच मला खड्ड्यात टाकलंस. मेलेल्यांना तू काय चमत्कार दाखवणार? तोंड का फिरवतोस? माझं माणूस तू माझ्यापासून लांब केलंस, आता ओळखीचा उरला तो अंधार. पेन्सिलीचं टोक मोडलं, तुम्ही विळीवर टोक करून दिलंत. शेवटच्या ओळीला आले आणि थांबले. आता येईल, म्हटलं, आता देव काहीतरी बोलेल. मी विचारलं, “पुढे?”

“पुढे काही नाही,” तुम्ही म्हणालात. “इथेच संपतं.”

वर एक शब्द नाही. देवाची इच्छा नाही, स्वर्गात भेट होईल नाही, लोकांनी तीन महिने माझ्या पदरात टाकलेलं त्यातलं काही नाही. नुसत्या शेजारी बसलात. आणि बाई, त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. का ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, आज सांगते. मी देवाला जे बोलले असते, लाजेकाजेने बोलले नाही, ते कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी बोलून ठेवलं होतं. आणि ते कोणी खोडलं नव्हतं. पुस्तकातून काढून टाकलं नव्हतं. स्तुतीच्या स्तोत्रांबरोबर एकाच जिल्दीत बांधलेलं होतं. ज्या देवाला असं बोललेलं चालतं, त्याच्या समोर जाऊन बसायला हरकत नाही, असं मला वाटलं. घरी येऊन मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तीन महिन्यांनी पहिली प्रार्थना केली ती अशी.

तेव्हा मला हेही उमगलं की सरळ वाचणाऱ्याला हा अंधार आधी लागतो आणि पंखांची सावली नंतर. मला वचन आधी मिळालं, अंधार मागून, आणि माझ्या घरातही तसंच झालं. मीच लावलेल्या चिठ्ठीने.

मग दोनेक महिन्यांनी आपलं ते मोठं भांडण. मी चिडून विचारलं, हे अठ्ठ्याऐंशीवं खरं, कबूल, पण मग एक्याण्णवावं कसं खरं? दोन्ही कशी खरी? तुम्ही पिशवीतून ते चिठोरं काढलंत. तोवर जपून ठेवलं होतंत. म्हणालात, “रानात प्रभूची परीक्षा पाहताना सैतानाने हेच स्तोत्र म्हणून दाखवलं होतं. तुझी चिठ्ठी जिथे थांबते ना, तोही तिथेच थांबला होता.” झालं. माझं डोकं फिरलं. म्हणजे मी सैतान? नवरा मेला माझा आणि मी सैतान? तुम्ही गडबडलात, तसं नाही विमल, ऐक तर, म्हणायला लागलात. मी म्हटलं, पुन्हा त्या स्तोत्राचं नाव काढलंत तर राजपुऱ्याच्या दरवाज्याच्या आत पाऊल टाकणार नाही. तुम्ही चिठोरं पुस्तकात, त्याच पानात ठेवलंत. म्हणालात, बरं, नाही काढत. आधी शेवटापर्यंत जाऊ, मग तुझं तूच विचार.

शब्दाच्या पक्क्या तुम्ही. नाही काढलंत. आणि हट्टाची पक्की मी, ते पान पुन्हा उघडलं नाही.

पण बाकीचं तुम्ही मला दिलंत. बाविसाव्याला आलो तेव्हा तुम्ही सांगितलंत की वधस्तंभावर प्रभूने तोंडातून काढले ते याच स्तोत्राचे शब्द, देवा तू मला का सोडलंस म्हणणारे. मरताना नवीन काही सुचलं नाही त्याला, आपल्या आईच्या घरी पाठ केलेलं तेवढं आठवलं, असं म्हणालात आणि तुमचेच डोळे भरले. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, म्हणजे त्यालाही हाका माराव्या लागल्या होत्या. त्या दिवसापासून मला एकटीला झोप लागायला लागली. घर तेच, खाट तीच, पण घरात एकटी आहे असं वाटेना. नवं राज्य झालं, आपण मध्य प्रदेशातच राहिलो, शाळेत हिंदीचे तास वाढले, भावाची पत्रं कमी झाली. मी मात्र शनिवारी चारला तुमच्या पडवीत.

गेल्या महिन्यात दुसरं स्तोत्र झालं. एकच उरलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या शनिवारी जिलेबी आण, आणि तुझा तो प्रश्नही आण. मी जिलेबी सांगून आले होते, बाई. शुक्रवारी सकाळी नर्मदाकाकूंचा निरोप आला. तुम्ही अंघोळ करून खुर्चीत बसलात आणि बसल्याच राहिलात, खोकलाही नाही, हाकही नाही. साऱ्या जन्मात पहिल्यांदा कोणाला त्रास न देता काहीतरी केलंत.

कबरस्तानात पाळकसाहेबांनी मला वाचायला सांगितलं. काय वाचू म्हटलं, तर म्हणाले तुमच्या बाई, तुम्ही ठरवा. मी आपलं मेंढपाळाचं काढायला निघाले, सगळे तेच वाचतात. तेवढ्यात काकू माझ्या मागून म्हणाल्या, “पोरी, ते पंखांचं वाच. बाईंना ते आवडायचं. तुझ्या धाकाने वाचत नव्हत्या.” सगळ्यांच्या देखत. मी काय करणार? पान काढलं. त्यात माझं चिठोरं, अभ्र्याच्या दोऱ्यासकट.

वाचायला लागले. सापळा, मरी, हजार पडले, सगळं पाठ होतं, आवाज हलला नाही. देवदूतांपर्यंत आले, पायाला दगड लागणार नाही इथपर्यंत. सवयीने थांबले. पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. पानावर तुमच्या अक्षरात पुढे चार वचनं होती. त्यांतल्या तिसऱ्याला मी आले. तिथे देव स्वतः बोलतो, आणि म्हणतो, तो मला हाक मारील तेव्हा संकटात मी त्याच्याबरोबर असेन.

मला पुढचं वाचता येईना. पाळकसाहेबांनी पुस्तक हातातून घेऊन शेवट केला. माती टाकून झाली, लोक पांगले, आणि काकू पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, संकटात बरोबर राहीन म्हणतो, म्हणजे संकट येणार हे त्याला ठाऊकच होतं की वं. मग तू बाईंशी भांडत कशावर होतीस?

कशावर भांडत होते? अर्धं वाचून भांडत होते, काकू. हेच बाई मला सांगायला निघाल्या होत्या आणि मी त्यांचं तोंड बंद केलं. पण बाई, रडू त्याचं नव्हतं. तुमचं माझं भांडण काय, पुष्कळ झाली. रडू त्या एका शब्दाचं होतं. त्यांनी विचारलं होतं, पुढे? भिंतीकडे तोंड करून माझा माणूस सतराव्या दिवसापर्यंत पडून राहिला, आणि त्याला ज्या एका ओळीची गरज होती ती मी उतरवून घेतलं त्याच पानावर होती, आणि मी त्याला सांगितलं की पुढे काही नाही.

तुम्हाला ठाऊक आहे ते कुठे आहेत. तुमच्यापासून चार कबरी सोडून, लिंबाच्या अंगाला. काकूंना म्हटलं, थांबा जरा. पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. दोन वर्षं फुलं नेत होते, बोलत काही नव्हते. चिठोरं कबरीवर ठेवलं आणि तेराव्यापासून वाचलं, मोठ्याने, वसंतरावांना ऐकू जाईल असं. त्या ओळीशी आवाज फुटला, तरी या वेळी थांबले नाही. ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. मग सांगितलं की माझं चुकलं, पुढे होतं, मी बघितलं नव्हतं. आणि बसल्या बसल्या मला ते सतरा दिवस दिसायला लागले, पट्टी बदलणारे तुमचे हात, काकूंची मोसंबी, भिंतीकडे तोंड केलेले हे. मी सांगितलं नाही म्हणून देव आला नसेल असं थोडंच आहे? माझ्या चिठोऱ्याची वाट पाहत तो दारात उभा राहिला असेल का? तुम्ही असता तर म्हणाला असता, स्वतःला फार मोठी समजतेस तू विमल.

पुस्तक माझ्याकडे आहे. तुमच्या चुलतभावाचा मुलगा म्हणाला, ताई, चिठ्ठी चुकीच्या बाजूला आहे, नीट करून देतो. मी हात लावू दिला नाही. उद्या शनिवार. काकू चारला सूप घेऊन येणार आहेत, या वेळी माझ्या ओट्यावर. आपलं राहिलेलं पहिलं स्तोत्र उद्या वाचायचं, आणि ते संपलं की तिथूनच पुढे चालायचं, चाचांनी उघडलं होतं तसं, उजवीकडून. आता माझ्या हातचं अठ्ठ्याऐंशीवं आधी येईल आणि एक्याण्णवावं त्याच्यानंतर, तीन शनिवारांनी. त्या दिवशी सगळं वाचणार आहे.

शब्द परत घेते, बाई. जिलेबी सांगितली आहे.